दम आधी, हाडं मागून

नव्याने धावायला लागलेल्या माणसाचा दम आधी सुधारतो, स्नायू त्यानंतर आणि हाडं सगळ्यात शेवटी. माझ्याकडे खुबा दुखतो म्हणून येणाऱ्या बहुतेक नवख्या धावपटूंची गोष्ट एवढ्यात सांगून होते. दोन-अडीच महिन्यांपूर्वी दोन मजले चढताना धापा टाकणारा माणूस आता गप्पा मारत पाच किलोमीटर धावतो आणि त्याला वाटतं, झालं, शरीर तयार झालं. तयार झालेलं असतं ते हृदय, फुप्फुसं आणि रक्ताभिसरण. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला स्नायूचं टोक जिथे हाडाला चिकटतं, त्या टेंडनला एवढ्या कामाची सवय व्हायला महिने लागतात. हाडाचं तर आणखी वेगळं. नवा भार पडायला लागला की हाड आधी आपला जुना भाग शोषून टाकतं आणि मग त्या जागी नवा भरतं. शोषायचं काम तीनेक आठवड्यांत उरकतं, भरायला तीनेक महिने जातात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं. माणसाचा उत्साह मात्र नेमका तेव्हाच शिगेला पोचलेला असतो.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सहकारनगरच्या बाजूला छोटंसं क्लिनिक आहे, तळजाईची टेकडी जवळ. मी हे शिक्षण घेत होते तेव्हा धावून दुखावलेला म्हणजे शाळा-कॉलेजातला खेळाडू नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. बाकी सगळे गुडघे, माना आणि आखडलेले खांदे. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि हळूहळू चित्र पालटलं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये आली. यवतेश्वरच्या घाटात धावायचं म्हणून इथली मंडळी तळजाईचे आणि सिंहगडाचे चढ घ्यायला लागली. आता पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीतले लोक येतात. आयुष्यात कधी मैदानावर न गेलेले, पण अंगात रेसचा टी-शर्ट आणि मनगटावर घड्याळ असलेले. मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण त्यांच्या वेळापत्रकावर शर्यतीची तारीख आधी पडलेली असते आणि धावणं नंतर सुरू झालेलं असतं.

"कुठे दुखतं?" हा प्रश्न मी तोंडी उत्तरासाठी विचारत नाही, हात कुठे जातो ते बघते. कोणी पूर्ण तळवा बाहेरच्या अंगाला ठेवतं, पॅन्टच्या खिशाखाली जे हाड हाताला लागतं त्याच्यावर. हे बहुतेक वेळा टेंडनचं दुखणं. कोणी अंगठा मागे आणि बोटं पुढे करून खुबा पकडल्यासारखा धरतं. तेव्हा माझं लक्ष सांध्याच्या आत जातं. हात मागे बैठकीवर जाऊन मांडीच्या मागून खाली उतरला, तर आधी कंबर तपासायची. आणि कोणी दोन बोटं जांघेत रोवून म्हणालं की "इथे, आत कुठेतरी", तर मी बाकीचं बोलणं थांबवून नीट चौकशीला लागते.

तळवा ठेवणाऱ्यांपैकी एक ताई चांगल्या आठवतात. बँकेत नोकरी, पंचेचाळिशीच्या आसपासचं वय, सोसायटीतल्या मैत्रिणींच्या नादाने धावायला लागलेल्या. "मॅडम, धावताना विशेष काही होत नाही," त्या म्हणाल्या. "रात्री त्या कुशीवर वळले की ठणकतं. सकाळी पहिली चार पावलं लंगडतच बाथरूमपर्यंत जाते. म्हणून रोज स्ट्रेचिंग करते, तरी कमी नाही." स्ट्रेचिंग कसं करता, ते दाखवा म्हटलं. त्यांनी खाली बसून दुखरा पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे ओढून घेतला आणि गुडघा छातीशी दाबून धरला. व्हिडिओत बघून शिकल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा चेहरा आक्रसला.

मग मी त्यांना भिंतीला एक बोट टेकवून दुखऱ्या पायावर उभं केलं आणि घड्याळ लावलं. अर्धा मिनिट उभं राहायचं, एवढंच. पहिले दहा सेकंद सगळं ठीक होतं. मग उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर बोटभर खाली उतरली, तोल सांभाळायला खांदा दुखऱ्या बाजूला झुकला, भिंतीवरचं बोट पांढरं पडलं. वीस सेकंदांच्या आत त्या म्हणाल्या, "आलं, तेच दुखणं आलं." एका पायावर उभं राहिल्यावर कंबर अशी दुसरीकडे घसरते, हे फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये लिहून ठेवलंय. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तपासणी तीच आहे. यंत्र लागत नाही, भिंत लागते.

खुब्याचं दुखणं समजून घ्यायचं तर एका पायावर उभं राहणं म्हणजे काय, ते आधी समजायला हवं. चालताना मधेमधे दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना तसा क्षण येतच नाही. एक पाय टेकलेला, नाहीतर दोन्ही हवेत. म्हणजे प्रत्येक पाऊल हे एका पायावर उभं राहणंच, शिवाय वरून आदळणं. त्या वेळी शरीराचं वजन सांध्याच्या आतल्या बाजूला लोंबतं आणि खुब्याच्या बाहेरचे स्नायू कंबर खाली पडू नये म्हणून ओढून धरतात. त्यांना मिळणारी तरफेची बाजू आखूड असते, म्हणून त्यांना वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. साध्या चालण्यात खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, संथ धावण्यातही तो चार-पाच पटींवर जातो. आता हिशेब करा. मिनिटाला १६० पावलं आणि किलोमीटरला आठ मिनिटं, हा नवख्याचा नेहमीचा वेग. किलोमीटरला १,२८० पावलं झाली. पाच किलोमीटरमध्ये प्रत्येक खुब्याच्या वाट्याला ३,२०० वेळा हा भार.

हे आकडे सांगून कोणाला पटत नाहीत, म्हणून मी क्लिनिकमध्ये पाण्याने अर्धी भरलेली बादली ठेवते. डावा खुबा दुखत असेल तर आधी उजव्या हातात बादली घेऊन चालायला सांगते. डावं पाऊल टेकलं की दुखतं. मग तीच बादली डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूला घ्यायची. लोक बिचकतात, पण चालून बघतात तर दुखणं चक्क कमी. वजन दुखऱ्या सांध्याच्या बाहेर आलं, म्हणून त्या स्नायूंचं काम हलकं झालं. आजोबांनी काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, ती याच कारणाने. तिथे काठीचा टेका स्नायूचं काम वाटून घेतो. घरोघरी ती नेमकी दुखऱ्या बाजूलाच धरलेली दिसते.

ताईंचा टेंडन दोन बाजूंनी मार खात होता. एकीकडे धावण्याचा ताण, दुसरीकडे दिवसभर दाबला जाणं. पाय मध्यरेषेच्या पलीकडे गेला की हा टेंडन हाडावर ताणून दाबला जातो. बँकेत खुर्चीवर पायावर पाय टाकून बसणं, ओट्यापाशी एका पायावर भार देऊन रेलणं, भाच्याला कडेवर घेताना कंबर बाहेर काढणं, चांगल्या कुशीवर झोपल्यावर दुखरा पाय गादीवर पुढे पडणं, या सगळ्यात तेच होतं. आणि ज्याला त्या औषध समजत होत्या ते स्ट्रेचिंग तर हेच काम मन लावून करत होतं. मी पहिल्या दिवशी त्यांना एकही व्यायाम दिला नाही. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा, ते ओढणं बंद करा आणि फोम रोलर त्या हाडावरून फिरवू नका, एवढंच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. फी दिली आणि उशी मिळाली, असं काहीसं झालं असणार.

व्यायाम पुढच्या आठवड्यापासून. आधी पाठीवर झोपून बैठक उचलायची, मग जिन्याच्या एका पायरीवर सावकाश चढ-उतार, मग पायाला रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं. "इंजेक्शन घेतलं तर लवकर बरं होईल ना?" हा प्रश्न त्यांनीही विचारला, सगळेच विचारतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासाचा मला इथे फार आधार वाटतो. खुब्याच्या बाहेरच्या टेंडनचं दुखणं असलेल्या २०४ जणांचे तीन गट केले होते. आठ आठवड्यांनी विचारलं, तेव्हा सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९ टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले. म्हणजे वाट बघून बरं होणारेही असतात, पण थोडे.

धावणं बंद करायला मात्र मी त्यांना सांगितलं नाही. चढ बंद केले, सपाटीवर दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं ठेवलं. पावलं किंचित आखूड आणि मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त, कारण त्यामुळे प्रत्येक पावलागणिक खुब्यावर आणि गुडघ्यावर पडणारा भार कमी होतो. आणि एका रेघेवर चालल्यासारखे पाय आतल्या बाजूला पडत होते, ते जरा फाकवून टाकायचे. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं तर चालेल. लंगडायला लागलं तर त्या क्षणी थांबून घरी रिक्षाने यायचं.

जांघेत बोटं रोवणाऱ्या मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ती पंचविशीतली, हिंजवडीला आयटीत. मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करत होती आणि त्याबरोबर वजनही उतरवत होती. दुखणं सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आधी धावण्याच्या शेवटी, मग सुरुवातीपासून, आता चालतानाही आणि रात्री झोपेतसुद्धा. एक्स-रे बरोबर आणला होता. त्यात काही नव्हतं. "नॉर्मल आहे, मसल असेल, असं सगळे म्हणतायत. तुम्ही टेपिंग करून द्या ना." टेबलावर उताणी झोपवून तिचा गुडघा वाकवला आणि मांडी हळूच आत वळवली, तर तिने टेबलाची कड घट्ट धरली. एका पायावर उडी मारायला लावून बघायची एक जुनी तपासणी आहे, ती मी मुद्दामच केली नाही. शंका खरी असेल तर ती उडी महागात पडते.

मग खाणंपिणं विचारलं. रात्रीचं जेवण जवळपास बंद. पाळी नियमित आहे का, विचारलं. तिने मान वर करून बघितलं. धावण्याच्या दुखण्यात हा प्रश्न कुठून आला, असा तो चेहरा. "चार महिने आली नाहीये. म्हटलं बरंच झालं, रेसच्या वेळी कटकट नको."

खर्च होते त्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करतं आणि पाळीबरोबर हाडाच्या दुरुस्तीचं कामही मागे टाकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं आणि तो पुरुषांतही होतो, हेही सांगितलं. मी तिला त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला, खालच्या बाजूने, बारीक तडा निघाला. सुरुवातीला असा तडा एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. खालच्या बाजूचा होता म्हणून सहा आठवडे कुबड्यांवर भागलं. वरच्या बाजूचा तडा सरकण्याची भीती जास्त. तिथे पुष्कळदा स्क्रू घालायची शस्त्रक्रिया करावी लागते. हाडाला असा तडा पडणं धावपटूंपेक्षा जुनं आहे. सैनिकांच्या पावलांचं असं दुखणं ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी १८५५ मध्येच नोंदवलं होतं. तेव्हाही त्रास नव्या रंगरुटांनाच जास्त व्हायचा.

तिचं रडणं दुखण्यापेक्षा शर्यतीसाठी होतं. "बिबसुद्धा मिळालाय. फक्त ही एक होऊ दे, मग तुम्ही सांगाल तितकी विश्रांती घेते." अशा वेळी समजूत घालायला मी शब्द शोधत बसत नाही. कागदावर मांडीचं हाड काढते, मानेवर पेनाने रेघ मारते आणि त्या रेघेवरून एकवीस किलोमीटरची पावलं मोजून दाखवते.

तिसरा प्रकार, खुबा पंजात धरणाऱ्यांचा. यांतले काही साठीच्या पुढचे असतात. निवृत्त काका, रोज तळजाईला चालणारे. जावयाने बूट घेऊन दिले म्हणून धावायला लागले. यांना मी विचारते, "पायाची नखं कापता येतात का?" बहुतेकांची बायको आधी उत्तर देते, "छे, मीच कापून देते." सांधा आतून झिजायला लागला की पाय आत वळवणं आणि पाऊल जवळ घेणं आधी जातं. काकूंची फिर्याद ठरलेली: "मी कधीची सांगतेय, या वयात पळू नका, होते ते खुबेसुद्धा झिजतील." २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. धावण्यामुळेच सांधे वाचले, असं यावरून सिद्ध होत नाही. ज्यांचे सांधे चांगले तेच धावत राहतात, हेही असेल. पण माफक धावण्याने सांधे झिजतात ही भीती यातून बरीच ढिली होते. हाच पंजा एखाद्या पस्तिशीच्या माणसाने दाखवला आणि पूर्वी स्टेरॉइडची औषधं घेतलेली असली किंवा दारू जास्त असली, तर मात्र खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तपासून घ्यायला मी डॉक्टरांकडे धाडते. त्यात धावण्याचा दोष नसतो, धावल्यामुळे ते लक्षात येतं इतकंच.

या सगळ्यांना माझ्याकडे येण्याआधी दोन सल्ले मिळालेले असतात. घरचे म्हणतात, बंद कर. ग्रुपमधले म्हणतात, पळत राहा, दुखणं म्हणजे शरीर घडतंय. दोन्ही सल्ले कोणाला ना कोणाला लागू पडतातच. पण हात कुठे गेला, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. बँकेतल्या ताईंनी पूर्ण विश्रांती घेतली असती तर पंधरा दिवसांत बरं वाटलं असतं, टेंडन तेवढा आणखी लेचापेचा झाला असता आणि परत पहिल्याइतकंच धावल्यावर दुखणं परतलं असतं. असं दोनदा झालं की माणूस म्हणतो, धावणं आपल्याला मानवत नाही, आणि बूट माळ्यावर जातात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे बूट माळ्यावर गेले, तर त्याचं नुकसान खुब्यापेक्षा मोठं आहे. "थांबा" हा शब्द मला सगळ्यात सोयीचा, कारण तो बोलून माझ्यावर कधी काही शेकत नाही. म्हणूनच तो वापरताना मी दहा वेळा विचार करते आणि त्या मुलीसारखी कोणी समोर आली तर एकदाही नाही.

आता पहिल्या भेटीत मी टेबलावर झोपवायच्या आधी मोबाइल मागते. धावण्याच्या ॲपमध्ये मागच्या दोन महिन्यांचं सगळं असतं. ताईंच्या आलेखात तीन, चार, पाच, सहा असे रविवार होते आणि मग एकदम बारा. "ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्या दिवशी बारा केले," त्या म्हणाल्या. "मला दमही लागला नाही." आठवड्याला दहा टक्क्यांनीच वाढवा, असा नियम सगळ्यांना पाठ असतो. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा नियम पाळणाऱ्यांत आणि नेहमीच्या वेळापत्रकाने धावणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, दोन्हीकडे विसाच्या आसपास टक्के. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंचा एक अभ्यास आला. त्यात धोका आठवड्याच्या बेरजेत कमी आणि एखाद्याच दिवसाच्या उडीत जास्त दिसला: मागच्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा आजची धाव किती लांब, यात. माझ्या टेबलावर येणाऱ्या आलेखांशी हे चांगलंच जुळतं. नवख्याला मी एवढंच लक्षात ठेवायला सांगते. आठवड्याची बेरीज-वजाबाकी कोच करेल, तुम्ही महिन्यातली सगळ्यात लांब धाव किती होती ते आठवा आणि आज त्याच्या थोडंसंच पुढे जा. बाकीचे बारा करत असले तरी.

धावण्याच्या ग्रुपांपुढे बोलायला बोलावतात तेव्हाही मी हेच सांगते आणि शर्यतीची फी भरण्याआधी तीन-चार महिने नियमित धावून बघा म्हणते. लोक हसतात. लवकर नाव नोंदवलं तर सवलत असते, टी-शर्ट असतो. त्यांचंही बरोबर आहे. पैसे भरल्याशिवाय पहाटे उठवत नाही, हे मलाही कळतं. मग म्हणते, भरा, पण दहा किलोमीटरचे भरा.

ताईंनी त्या वर्षी दहाच केले. हाफ हुकली, याचा राग अजून आहे. वर्षातून एखादी चक्कर होते, कधी स्वतःसाठी तर कधी मैत्रिणीला घेऊन, आणि मैत्रिणीसमोर मला ऐकवतात, "यांनीच अडवलं मला." मी कबूल करते आणि मैत्रिणीला विचारते, "कुठे दुखतं?"